चौकटीमागची फट कशाने भरायची?

नव्या खिडक्या बसवून झाल्या की घरमालक काच न्याहाळतो, हँडल फिरवून बघतो, चौकटीचा रंग भिंतीला शोभतो का ते पाहतो. खिडकी पुढे नीट वागणार की त्रास देणार हे जिथे ठरतं, ती जागा तोवर सिलिकॉनखाली गडप झालेली असते. चौकट आणि भिंत यांच्यातली ही फट बोटाच्या जाडीएवढीही नसते. पण खिडकीचं वजन आणि तिच्यावर येणारा वारा तिच्यातूनच भिंतीत उतरतो. म्हणून फॅब्रिकेटरला काचेची जाडी विचारता तसंच ‘पॅकिंग कशाचं करणार?’ हेही विचारा. ‘फोम मारतो ना, साहेब’ असं उत्तर आलं तर पुढचं वाचाच.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. चौकट आधी उभी राहायची. सुतार ती ओळंब्यात धरून टेकू द्यायचा आणि गवंडी तिच्याभोवती भिंत चढवायचा. चौकटीला ठोकलेले लोखंडी होल्डफास्ट भिंतीत काँक्रीटने गाडले जायचे आणि उरलीसुरली फट मसाल्याने भरून निघायची. आता क्रम उलटा झाला आहे. भिंत, प्लास्टर, ग्रॅनाइटची पट्टी, कधी कधी रंगाचा पहिला हातसुद्धा आधी होतो आणि कारखान्यात जोडलेली तयार चौकट शेवटी येते. ती आत शिरावी म्हणून ओपनिंगपेक्षा मुद्दाम लहान करतात. यूपीव्हीसीच्या खिडकीला प्रत्येक बाजूला साधारण 5 ते 10 मिमी जागा सुटते, आणि ती सुटलीच पाहिजे. एक तर ओपनिंग सहसा तंतोतंत काटकोनात मिळत नाही. दुसरं म्हणजे चौकट उन्हाने वाढते. नागपुरातली जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत 30 अंशांहून जास्त फरक पडतो. तेवढ्या फरकाने 2 मीटर लांबीची यूपीव्हीसीची चौकट सुमारे 4 मिमी वाढते, ॲल्युमिनियमची दीड मिमीच्या आत. फट अजिबात ठेवली नाही तर ही वाढ चौकटीला पोट काढते आणि उन्हाळ्यात पल्ला घासायला लागतो.

तर फट हवी, पण रिकामी नको. साइटवर ती कशाने भरली जाते हे एकदा उभं राहून बघा. प्लायचा तुकडा, टाइलची कपची, सिमेंटच्या गोणीची घडी, काडेपेटी, फार तर सुताराने रंध्याखालून काढलेली सागाची पाचर. त्यातली सागाची पाचर वाईट नाही, दाराच्या लाकडी चौकटीला तर चालतेच. बाकीच्यांचं आयुष्य पहिल्या पावसाळ्यापर्यंत. पुठ्ठा भिजून लगदा होतो, साधा प्लाय फुगतो आणि सुकल्यावर पापुद्रे सोडतो, कोकणात त्याला वाळवीही लागते. टाइलची कपची स्क्रू आवळताना तडकते आणि तिची धार यूपीव्हीसीत रुतते. फुगलेल्या पॅकिंगने चौकट आत दाबली जाते, कुजलेल्याने सैल होते. दोन्ही वेळा दोष खिडकीच्या नावावर जमा होतो.

फोम आणि सिलिकॉन यांचं काम वेगळं. फोम पोकळी भरतो, आवाज आणि गरम हवा अडवतो. सिलिकॉन पाणी अडवतं. भार यातलं कुणीच पेलत नाही. भार किती असतो ते बघा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे 1.2 बाय 1.5 मीटरची 5 मिमी जाडीची एक काच साडेबावीस किलो आणि तेवढ्याच आकाराची दुहेरी काच पंचेचाळीस किलो. त्यावर वारा. इमारतींवरच्या वाऱ्यासाठी आपल्याकडे आयएस 875 चा भाग 3 वापरतात. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, पुण्यासाठी 39. नुसत्या 44 वरून हिशेब केला तर दर चौरस मीटरला सुमारे 118 किलोचा दाब येतो. उंची, परिसर आणि इमारतीचा आकार यांनी हा आकडा खालीवर होतो, पण अंदाज यायला पुरेसा आहे. पंधराव्या मजल्यावरच्या हॉलच्या खिडकीवर वादळी रात्री चार-पाच माणसं रेलल्यासारखा जोर असू शकतो. तो स्क्रू आणि पॅकर, म्हणजे फटीत सरकवायचे प्लास्टिकचे तुकडे, यांनीच पेलायचा असतो.

काय विकत घ्यायचं

बाजारात पॅकरचे तीन प्रकार दिसतील. पहिला घोड्याच्या नालेच्या आकाराचा, म्हणजे मध्ये खाच असलेला. ही खाच स्क्रूवर बसते, त्यामुळे पॅकर स्क्रूच्या दोन्ही बाजूंना आधार देतो आणि जागेवरून हलत नाही. चौकटीच्या उभ्या बाजूंसाठी हाच घ्यावा. दुसरा सपाट पट्टी. ती चौकटीच्या बुडाशी आणि काचेखाली वापरतात. तिसरी पाचर, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळती. पाचर चौकट तात्पुरती जागेवर धरायला छान. कायमची ठेवायची तर जोडीने, एकमेकीकडे तोंड करून सरकवायची, म्हणजे दोन्ही बाहेरचे पृष्ठभाग समांतर राहतात. एकटी पाचर चौकटीला एकाच कडेवर टेकते आणि स्क्रू आवळला की चौकट पिळवटते.

जाडी 1 मिमीपासून 10 मिमीपर्यंत मिळते आणि बहुतेक कंपन्या जाडीप्रमाणे रंग ठरवतात. मात्र एका कंपनीचा लाल म्हणजे दुसरीचा लाल नव्हे. अर्धी पिशवी या दुकानातून आणि अर्धी त्या दुकानातून आणली असेल तर रंग विसरा, व्हर्नियर लावा. स्वस्त मालात 3 मिमी लिहिलेला पॅकर अडीचचाही निघतो आणि त्याच पाकिटातला दुसरा सव्वातीनचा. सुतार आणि जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3.2 मिमी. ‘एक सूत उचल’ म्हटल्यावर 3 चा पॅकर जवळपास बरोबर बसतो; ‘दोन सूत’ म्हटलं की 6 घ्या आणि लेव्हल बघून गरज पडली तर 1 ची भर घाला.

प्लास्टिक कोणतं ते विचारा. पॉलिप्रोपिलीन आणि एचडीपीई ही पाणी जवळजवळ न शोषणारी आणि दाब सहन करणारी प्लास्टिकं आहेत; नायलॉनही दाब सहन करतं, पण थोडं पाणी शोषतं. पॉलिस्टायरीनचे पॅकर कडक असतात, दाबाला चांगले, पण काही चिकटद्रव्यांमधल्या द्रावकाने ते विरघळतात. भंगार प्लास्टिकचे पॅकर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पक्कडीत धरून वाकवा. चांगला वाकतो आणि पांढरट रेघ उमटते. भंगाराचा कटकन मोडतो आणि आत बुडबुड्यांची भोकं दिसतात. पोकळ, जाळीदार पॅकर हलक्या कामाला ठीक आहेत. बाल्कनीच्या मोठ्या स्लायडिंगखाली किंवा मुख्य दाराच्या बिजागरीमागे भरीवच घ्या, कारण जाळीच्या पातळ भिंती हळूहळू चेपतात आणि पल्ला कळत नकळत खाली येतो.

रुंदीकडे फारसं कुणी बघत नाही, मी मात्र तीच आधी बघतो. पॅकर चौकटीच्या खोलीपेक्षा अरुंद हवा आणि चौकटीच्या दोन्ही कडांपासून 5 ते 10 मिमी आत राहायला हवा. कारण सिलिकॉन पॉलिप्रोपिलीनला आणि एचडीपीईला नीट चिकटत नाही. पॅकर बाहेरच्या कडेला येऊन बसला असेल तर वरून सिलिकॉनची रेघ अखंड दिसते, पण तेवढ्या इंचभर जागेत ती भिंतीला धरलेलीच नसते. पाऊस आडवा आला की पाणी नेमकं तिथून आत येतं. घरमालक वर्षानुवर्षं सिलिकॉनवर सिलिकॉन चढवत राहतो आणि गळती त्याच ठिकाणी राहते.

बसवताना

चौकट उचलण्याआधी ओपनिंग मोजा. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग दोन्ही कर्ण. सगळ्यात लहान रुंदी आणि सगळ्यात लहान उंची यांवरून चौकटीचं माप ठरतं. एका बाजूला 15-20 मिमीपेक्षा जास्त फट येत असेल तर ती पॅकरने भरायचा हट्ट धरू नका, गवंड्याला बोलवा. दहा-बारा पॅकरांची चळत हा आधार नाही.

बुडाशी कधी उलटा लेव्हल लावून बघितला आहे? लेव्हल पट्टी सिलवर ठेवा, बुडबुडा बघा, मग पट्टी उलटी फिरवून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दुसऱ्या बाजूला सरकला तर लेव्हलच बिघडलेला आहे. साइटवर आपटलेले लेव्हल फार असतात.

सिलचा सगळ्यात उंच बिंदू शोधा. तिथे पातळ पॅकर ठेवा आणि बाकीचे त्याच्या पातळीला आणा. पहिले दोन पॅकर चौकटीच्या दोन उभ्या बाजूंच्या बरोबर खाली यायला हवेत, कारण वजन उभ्या बाजूंतूनच खाली येतं. खिडकीला मधला उभा दांडा असेल तर त्याच्याही खाली एक हवाच. स्लायडिंगचं गणित वेगळं. तिथे पल्ला रोलरवर फिरतो आणि वजन ट्रॅकच्या मध्यावरही येतं. दोन कोपऱ्यांवर टेकलेला ट्रॅक मध्ये लवतो, पल्ला मधल्या भागात जड चालतो, आणि लवलेल्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं. त्यामुळे स्लायडिंगच्या ट्रॅकखाली साधारण दर दीड फुटावर आधार द्या, पल्ला जड असेल तर आणखी जवळ.

बुड झालं की बाजू. यूपीव्हीसी चौकटीला पहिला स्क्रू कोपऱ्यापासून 150 ते 250 मिमीवर आणि पुढचे जास्तीत जास्त 600 मिमी अंतरावर, अशी बहुतेक ठिकाणी रीत आहे. पॅकर स्क्रूजवळच हवा. स्क्रू आहे आणि मागे पॅकर नाही, तर स्क्रू आवळताना चौकट भिंतीकडे ओढली जाते आणि तिला कंबर पडते. हे डोळ्यांना दिसत नाही. पल्ला बंद केल्यावर वर आणि खाली फट सारखी पण मध्ये जास्त अशी दिसली तर समजावं. नालेच्या आकाराच्या पॅकरचं तोंड कधीही वरच्या बाजूला ठेवू नका. खाली किंवा आडवं ठेवलं की पॅकर स्क्रूवर अडकून राहतो. तोंड वर असेल तर ड्रिलच्या थरथरीने तो खाली सरकून पडतो आणि कुणाला कळतही नाही.

5 मिमी हवं असेल तर 5 चा एक वापरा, 1 चे पाच नको. पातळ पानं एकमेकांवरून घसरतात आणि प्रत्येक जोडीमध्ये थोडी हवा राहते, ती दाबाने निघून गेली की चौकट तेवढी सरकते. एका जागी तीनपेक्षा जास्त पॅकर मला तरी आवडत नाहीत. पॅकर हाताने आत जायला हवा आणि आत गेल्यावर हाताने हलवला तर जेमतेम हलायला हवा. हातोडीने ठोकून बसवलेला पॅकर चौकटीला आतून ढकलतो.

वरच्या बाजूला हात आखडता ठेवा. लिंटेल किंवा बीम काळाने किंचित लवतो. मध्यावर पॅकर कोंबला असेल तर वरच्या भिंतीचा भार चौकटीवर उतरतो, आणि ते काम चौकटीचं नाही. वर जिथे स्क्रू येईल तिथेच पॅकर द्या आणि तोही सैलसर.

सगळे स्क्रू अर्धे आवळा, कर्ण पुन्हा मोजा, ओळंबा दोन्ही दिशांनी बघा, पल्ला उघडून अर्ध्यावर सोडा. तो आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर चौकट ओळंब्यात नाही. दुरुस्तीची हीच वेळ. मग स्क्रू पूर्ण आवळा. भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर साध्या गिट्टीत स्क्रू फिरतच राहतो. लांब नायलॉनची गिट्टी लागते आणि पॅकरही रुंद घ्यावा, म्हणजे दाब मोठ्या जागेवर पसरतो. यानंतर फोम. तो फुगताना चौकटीला आत ढकलतो, म्हणून कमी फुगणारा फोम घ्या, फट पूर्ण न भरता थोडी रिकामी ठेवा आणि फोम सुकेपर्यंत पल्ला बंद करून ठेवा. पॅकर काढायचे नाहीत. पाचरी तात्पुरत्या लावल्या असतील तर त्या मात्र फोमच्या आधी काढून त्या जागी सपाट पॅकर घाला.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. फट मसाल्याने भरली तर काही काळाने चौकटीच्या मागच्या बाजूला पांढरी पूड आणि खड्डे दिसू शकतात. पॅकरने चौकट भिंतीपासून सुटी राहते हा फायदा आहेच, फक्त नंतर कुणी त्या फटीत गुपचूप सिमेंट कोंबणार नाही याकडे लक्ष ठेवा.

बाहेर पाणी काढणारी ट्रॅकची छोटी भोकं कोणत्याही पॅकरने, फोमने किंवा सिलिकॉनने बुजवू नका. ती भोकं बघून ‘इथून पाणी येतंय’ म्हणत घाईने बंद करणारे मिस्त्री मुंबईत कमी नाहीत. पाणी तिथून जाण्यासाठीच ती असतात.

दाराचं पॅकिंग

दारात भार एकाच बाजूवर असतो. दार उघडलं की वरची बिजागरी चौकटीला ओढते आणि खालची तिला भिंतीत दाबते. म्हणून प्रत्येक बिजागरीच्या मागे भरीव पॅकर हवा, वरच्या बिजागरीजवळ लांब स्क्रू हवा. तीन बिजागऱ्यांची तिसरी मध्ये लावण्यापेक्षा वरच्या बिजागरीखाली फूटभर अंतरावर लावली तर जड दार जास्त दिवस सरळ राहतं. मध्ये लावायची आपली पद्धत देखणी आहे, एवढंच.

बिजागरीच्या समोरच्या बाजूला, कुलपाची जीभ जिथे शिरते त्या पत्र्यामागेही पॅकर घाला. तिथे पोकळी असेल तर दार खांद्याने ढकलल्यावर चौकट वाकते आणि जीभ निसटते. दार आणि चौकट यांच्यात बाजूंना दोन-तीन मिमी फट पुरते, खाली फरशी आणि पायपुसणं लक्षात घेऊन पाच ते आठ. लाकडी दाराला आषाढात फुगायला जागा हवी, म्हणून ऐन मे महिन्यात दार बसवताना कडेने फट अगदी कमी ठेवू नका.

इमारतीच्या जिन्यावरच्या फायर डोअरला यातलं काही लागू नाही. पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं. ज्या दाराची चाचणी झाली आहे त्याच्या कागदपत्रांत फटीत काय भरायचं ते लिहिलेलं असतं, तेवढंच भरा.

घासणारा पल्ला

यूपीव्हीसीचा बाजूला उघडणारा पल्ला काही वर्षांनी कुलपाच्या बाजूने खाली उतरतो, तळाला घासतो, हँडल उचलून बंद करावा लागतो. बहुतेक वेळा बिजागरी चांगली असते, पल्ल्यातल्या काचेचं पॅकिंग हललेलं किंवा मुळातच चुकलेलं असतं. पल्ल्याची पट्टी एकटी फार ताठ नसते. तिला ताठ ठेवते ती काच. म्हणून काच कर्णावर आवळून बसवतात. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक पॅकर आणि त्याच्या तिरप्या समोर, कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात दुसरा. पल्ला खाली उतरू लागला की हाच कर्ण आखूड व्हायला बघतो आणि मध्ये काच आडवी येते.

दुरुस्ती अशी. आतल्या बाजूची, काच धरून ठेवणारी बीडिंग बोथट पट्टीने मध्यापासून हलके उचकटून काढा, आधी लांब बाजूच्या. पल्ला कुलपाच्या बाजूने कुणाला तरी वर उचलून धरायला सांगा. कुलपाच्या वरच्या कोपऱ्यात, काचेची कड आणि पल्ला यांच्यात, प्लास्टिकची चपटी पट्टी तरफ म्हणून वापरून जागा करा आणि पुरेशा जाडीचा पॅकर सरकवा. बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातला पॅकर जागेवर आहे ना ते बघा. पॅकरची रुंदी काचेच्या जाडीपेक्षा थोडी जास्तच हवी. दुहेरी काच असेल तर तो दोन्ही काचांखाली पूर्ण यायला हवा. एकीलाच टेकला तर दुसरी खाली सरकते, मधला सांधा सुटतो आणि आत कायमचं धुकं जमतं. टफन केलेल्या काचेच्या कडेला स्क्रूड्रायव्हर लावू नका, कडेवरचा एक टवका सगळी काच भुगा करायला पुरतो. चष्मा आणि हातमोजे घाला.

पल्ला बंद करून चारही बाजूंची फट बघा, मग बीडिंग परत बसवा, आधी आखूड बाजू आणि नंतर लांब. एवढं करूनही पल्ला घासत असेल तर आणखी पॅकर कोंबू नका. चौकटीचे कर्ण मोजा. त्यांत फरक निघाला तर दोष भिंतीजवळच्या पॅकिंगमध्ये आहे आणि फॅब्रिकेटरला चौकटीचे स्क्रू सैल करूनच तो काढावा लागेल.